मोठं ध्येय आणि वेचणीचे दिवस: खान्देशातल्या घरात बसेल अशी वर्षाची आखणी

'रोज १२ तास अभ्यास' असं वेळापत्रक लिहून भिंतीवर चिकटवायला अर्धा तास पुरतो. मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत ते टिकतं. मग पेरणी निघते, श्रावणात घरात कानबाई देवी बसते, दसऱ्याच्या आसपास कापूस फुटतो. आणि जानेवारीत मुलगा किंवा मुलगी स्वतःलाच सांगते की आपल्यात चिकाटी नाही. खरं तर ते वेळापत्रक पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या, महिन्याच्या महिन्याला घरून पैसे येणाऱ्या मुलाचं असतं. ते पाळायचं असतं पारोळ्यात, तळोद्यात, नाहीतर रावेरजवळच्या एखाद्या घरात, जिथे रात्रीची लाइट आली की मोटार चालू करायला शेतात जावं लागतं.

म्हणून या लेखातली सगळी आखणी वाईट आठवड्यांवरून सुरू होते. सगळं सुरळीत असलं की कोणीही अभ्यास करतो, कोणीही धंद्याचा हिशोब लिहितो. मजूर मिळाले नाहीत, घरात लग्न निघालं, ताप आला, त्या आठवड्यात तुमच्या ध्येयाचं काय होतं यावर पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून असतात.

उदाहरणं मुख्यतः स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरतीची घेतली आहेत, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या घरात तोच विषय आहे. घरगुती उद्योग उभा करणाऱ्यांसाठी वेगळा भाग पुढे आहे.

ध्येय असं लिहा की शेजाऱ्यालाही तपासता येईल

'मोठा अधिकारी व्हायचंय', 'स्वतःचं काहीतरी करायचंय' या इच्छा झाल्या. त्यांची आखणी करता येत नाही. तिसऱ्या माणसाने वही उघडली आणि झालं की नाही झालं हे त्याला सांगता आलं, तर ते ध्येय.

पोलीस भरतीचं पाहा. शिपाई पदाला शारीरिक चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. अलीकडच्या भरत्यांच्या तक्त्यात मुलांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण ५ मिनिटं १० सेकंदांत मिळतात, मुलींना ८०० मीटरचे पूर्ण गुण २ मिनिटं ५० सेकंदांत. आता गणित सोपं आहे. ४०० मीटरच्या मैदानावर मुलाला प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, मुलीला ८५ सेकंदांत. 'भरतीची तयारी करतोय' याऐवजी वहीत लिहा: 'दिवाळीपर्यंत ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी ९० सेकंदांच्या आत, न थांबता.' हे शेजारचा पोरगा मोबाइलवर वेळ लावून तपासू शकतो. नवी जाहिरात आली की तक्ता पुन्हा वाचायचा, कारण निकष बदलतात.

एक काळजी घ्या. जागा किती निघतील, परीक्षा कधी होईल, कटऑफ किती लागेल, हे तुमच्या हातात नाही. म्हणून दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत निकाल: 'पीएसआय व्हायचं.' दुसऱ्या ओळीत काम: 'मार्चपर्यंत मागच्या ८ वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवलेल्या असतील.' रोजचा जमाखर्च दुसऱ्या ओळीचा ठेवायचा. पहिल्या ओळीकडे सहा महिन्यांतून एकदा पाहिलं तरी चालतं.

नियमावली आणि कागदपत्रं, क्लासच्या आधी

क्लासची फी भरून झाल्यावर जाहिरात पहिल्यांदा वाचणारे पुष्कळ आहेत. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गात वयाची ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न, ओबीसींना ३५ वर्षं आणि ९ प्रयत्न, एससी-एसटींना ३७ वर्षांपर्यंत प्रयत्नांची मर्यादा नाही. पूर्वपरीक्षेतला एकच पेपर दिला तरी तो प्रयत्न मोजला जातो. 'सहज बसून बघतो' असं म्हणण्याआधी हे माहीत हवं.

एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. ९ पेपर, त्यातले दोन भाषेचे फक्त पात्रतेपुरते, उरलेल्या सातांचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. वस्तुनिष्ठ पद्धतीच्या काळातल्या नोट्स अजून अभ्यासिकांमधून स्वस्तात फिरतात. पूर्वपरीक्षेला त्यातलं बरंच कामाचं आहे. मुख्य परीक्षेला मात्र हाताने लिहिण्याचा सराव नसेल तर त्या नोट्सचा ढीग उपयोगाचा नाही.

कागदपत्रांकडे मुलं सगळ्यात उशिरा वळतात. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास. यात जात वैधतेला महिने लागू शकतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी गोळा कराव्या लागतात, आणि त्या मिळवायला भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बसून बोलावं लागतं. हे काम पहिल्याच महिन्यात सुरू करा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि दाखला यांवरची तिन्ही नावं शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. एका वेलांटीसाठी कागदपत्र पडताळणीत अडकलेली पोरं आपल्याकडे कमी नाहीत. फरक असेल तर राजपत्रात नावदुरुस्ती करून घ्यायला लागणारा वेळ आत्ता आहे, निवड झाल्यावर नसेल.

आखाजी ते आखाजी: खरे तास मोजा

कॅलेंडरचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, पण आपल्याकडे शेताचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरतं. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशोब तेव्हा होतो, नवा सालदार तेव्हा ठरतो. ध्येयाचं वर्षही आखाजी ते आखाजी धरलेलं बरं, कारण घरातल्या माणसांच्या डोक्यात तेच वर्ष असतं.

आता समजा, धरणगाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू कापसाच्या घरातला मुलगा आहे. ५२ आठवडे समोर मांडा आणि घरी राहून ज्यांत पूर्ण अभ्यास होणार नाही ते खोडा. पेरणीचे ३. निंदणी, खत, फवारणीचे ४. कापसाच्या वेचण्यांचे ५. कानबाई, गणपती, दिवाळी मिळून २. चैत्र-वैशाखातली लग्नं २. आजारपण, दवाखाना, कोणाचं तरी दहावं-तेरावं, असं न सांगता येणारं २. बेरीज १८. उरले ३४.

पूर्ण आठवड्यात ३० तास धरा. जास्त धरू नका. शेतात जाऊन आलेल्या माणसाला हेच जमतं. खोडलेल्या आठवड्यांतही शून्य धरायचं नाही, १० तास धरायचे. ३४ गुणिले ३० म्हणजे १०२०, १८ गुणिले १० म्हणजे १८०. वर्षाचे तास १२००.

भिंतीवरच्या वेळापत्रकात हेच तास ४३८० होते. हा आकडा पाहून काहींचं मन खट्टू होतं. होऊ द्या. १२०० तास खरे आहेत, त्यांची वाटणी करता येते: पहिल्या वाचनाला ४८०, उजळणीला ३६०, प्रश्नपत्रिका सोडवणं आणि चुका तपासणं यांना ३००, फॉर्म-कागदपत्रं-प्रवासाला ६०. आता एखादा विषय हाती घेताना 'याला माझ्याकडे ४५ तास आहेत' हे कळतं. मग तीन वेगवेगळी पुस्तकं गोळा करायचा मोह आपोआप आवरतो.

नोकरी करणाऱ्यांनी, घर सांभाळणाऱ्या बायकांनी आपापले आठवडे असेच खोडावेत. बँकेत असाल तर मार्च खोडा, शिक्षक असाल तर निवडणुकीचं काम खोडा. सासरी असलेल्या मुलीने कोणते आठवडे खोडायचे हे तिला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. अडचण एवढीच की तिचा हिशोब बहुतेक वेळा घरात कोणी मागतच नाही. तिने तो कागदावर मांडून नवऱ्यासमोर आणि सासूसमोर ठेवावा. 'मला वेळ मिळत नाही' यावर वाद होतो. 'आठवड्याला १४ तास हवेत, सकाळचे दोन, कोण स्वयंपाक बघेल?' यावर निदान बोलणं तरी होतं.

पैशाची बैठक

या पायरीला बहुतेक घरं टाळतात. मुलगा मागत नाही, बाप विचारत नाही, आणि दोन वर्षांनी एकदम स्फोट होतो.

समजा पुण्याला राहायचं ठरलं. खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज मिळून महिना १२ हजार धरू. दोन वर्षांचे २ लाख ८८ हजार. हा आकडा घरात कापसात सांगा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तो पूर्ण मिळाला असं धरलं तरी ३८ क्विंटलच्या वर कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी ५ क्विंटल धरले तर जवळजवळ ८ एकरांचं एका वर्षाचं सगळं पीक, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी अजून वजा झालेली नाही. हे आकडे समोर आले की पुण्याला जायचंच नाही असं होत नाही. पण 'पहिलं वर्ष जळगावला किंवा धुळ्याला अभ्यासिका लावू, पूर्व निघाली की मुख्यसाठी सहा महिने पुण्याला जाऊ' असा मधला मार्ग सुचायला लागतो. माझ्या मते बहुतेकांसाठी तोच शहाणपणाचा आहे. पूर्वपरीक्षेच्या अभ्यासात असं फार थोडं आहे जे सदाशिव पेठेत मिळतं आणि चोपड्यात मिळत नाही.

बैठक संध्याकाळी जेवणं झाल्यावर, सगळे असताना घ्या. बोलायचं असं: "आबा, मला दोन आखाज्या द्या. महिन्याला साडेचार हजार लागतील. वेचणीला आणि पेरणीला मी घरी असेन, बाकी दिवस मला शेतात बोलावू नका. तिसऱ्या आखाजीला झालं नसेल तर मी काय करणार, तेही आत्ताच सांगतो." शेवटचं वाक्य गाळू नका. बापाला भीती पैशाची कमी आणि अंत नसलेल्या वाट पाहण्याची जास्त असते.

माय बहुतेक वेळा या बैठकीत काही बोलत नाही. तिला नंतर वेगळं विचारा. घरातले कोणते दागिने गहाण आहेत, कोणाचं देणं आहे, हे तिला जास्त नीट माहीत असतं.

एक वही, रविवारची चार ओळींची नोंद

ॲप, रंगीत पेन, फळा, काहीही वापरा, पण आठवड्याचा हिशोब एकाच वहीत ठेवा. चार ओळी: ठरलं, झालं, का, पुढे. वेचणीच्या एका आठवड्याचं पान असं दिसेल:

ठरलं: पंचायतराज – जिल्हा परिषद, पंचायत समिती. शेकडेवारीची ६० गणितं. धावणं ४ दिवस.
झालं: पंचायतराज पूर्ण. शेकडेवारी २५. धावणं २ दिवस.
का: मंगळ-बुध मजूर आले नाहीत, घरच्यांनी वेचलं. गुरुवारी रात्रीची लाइट, हरभऱ्याला पाणी. शुक्रवारी दोन तास रील.
पुढे: राहिलेली ३५ गणितं. नवीन प्रकरण नाही. धावणं ३ दिवस.

'का' या ओळीत घडलेली गोष्ट लिहायची. 'आळस केला', 'मी असाच आहे' असलं काही लिहायचं नाही, त्यातून पुढच्या आठवड्याला काही मिळत नाही. 'दोन तास रील' मात्र लिहा, न लाजता. तीन-चार आठवडे ती ओळ शुक्रवारीच येते असं दिसलं, तर शुक्रवारी संध्याकाळी मोबाइल धाकट्या बहिणीकडे द्यायचा हे ठरवता येतं.

'पुढे'मध्ये तीनपेक्षा जास्त गोष्टी लिहू नका. आणि राहिलेलं काम पुढच्या आठवड्यावर जसंच्या तसं लादू नका. ६० गणितं झाली नाहीत म्हणून पुढच्या वेळी १२० लिहिणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात वही बंद करतो.

दर तीन महिन्यांनी मागची पानं उलटा. ठरवलेल्यापैकी साधारण किती होतं ते दिसेल. निम्मंच होत असेल तर १२०० तासांचा आकडा खाली आणा आणि विषय कमी करा, किंवा मुदत वाढवा. ही दुरुस्ती पहिल्या तीन महिन्यांत होते तेव्हा स्वस्त असते.

वाईट आठवड्याचा नियम आधी लिहून ठेवा

कापूस वेचलेल्या हाताने संध्याकाळी पेन धरून पाहा. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या असतात, अंगठा आणि पहिलं बोट चरचरत असतं. अशा दिवशी निबंध लिहायचा सराव ठरवला की तो होत नाही, आणि न झाल्याचं ओझं वेगळं. म्हणून वेचणीच्या आठवड्यांत हाताने लिहायचं काम ठेवायचंच नाही. आपल्या जुन्या नोट्स वाचायच्या, पर्यायी प्रश्न सोडवायचे, तेही २५. पहाटे साडेचार ते सहा, बस्स. वेचताना कानात इअरफोन लावून लेक्चर ऐकणारे आहेत. एकदा वाचून झालेल्या विषयाचं लेक्चर असेल तर फायदा होतो, नवा विषय मात्र तसा डोक्यात शिरत नाही.

असा एकेका प्रकारच्या वाईट आठवड्याचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लग्नाच्या आठवड्याचा: हळदीच्या आणि लग्नाच्या दिवशी सुट्टी, बाकी दिवस एक तास उजळणी. तापाचा: काहीही नाही, फक्त झोप. परीक्षेचा निकाल वाईट लागला त्या आठवड्याचा: तीन दिवस पुस्तक उघडायचं नाही, चौथ्या दिवशी फक्त चुकलेले प्रश्न पाहायचे. हे त्या आठवड्यात ठरवायला गेलात तर मन वाटाघाटी करत बसतं. आधी लिहिलेलं असलं की पाळलं जातं.

उन्हाळ्याचा नियम तर हवाच. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या घरात असतो. पत्र्याच्या घरात दुपारी दोन वाजता राज्यघटना वाचायचा हट्ट कशाला? पहाटे चार ते नऊ हा मुख्य अभ्यास, दुपारी झोप, संध्याकाळी सहानंतर गणित. धावणं सूर्य उगवायच्या आत संपवायचं. भरतीच्या मुलांनी उन्हाळ्यात वेग वाढवायच्या मागे लागू नये, हळू आणि लांब धावावं. वेगाचा सराव पावसाळा सरल्यावर. डांबरी रस्त्यावर रोज धावून नडगी दुखायला लागली तर चार दिवस थांबा आणि जिल्हा परिषद शाळेचं मातीचं मैदान शोधा.

कोणाला सांगायचं

सगळ्या गावाला सांगू नका. कानबाईच्या रोटांना, म्हणजे प्रसादाला, सगळी भावकी जमते तेव्हा कोणीतरी विचारणारच, "तुना पोऱ्या आते काय करस?" त्यावर घरच्यांनी एकच उत्तर ठरवून ठेवावं: "अभ्यास करतोय, पुढच्या आखाजीला बघू." त्यापुढे चर्चा नाही.

सांगायचं तीन माणसांना. पहिला, ज्याचं दोन-तीन वर्षांत हे काम झालं आहे. फार जुना नको, कारण परीक्षा बदलली आहे. दुसरा, ज्याचं झालं नाही आणि तो आता दुसरं काही नीट करतो आहे. याच्याकडून मिळणारी माहिती सगळ्यात मोलाची असते, कारण कुठे वेळ गेला हे तो सजवून सांगत नाही. तिसरा, तुमच्याबरोबर तयारी करणारा, ज्याला रविवारी वहीचं पान दाखवायचं. हा तिसरा जवळचा मित्र नसला तरी चालतं. पान न दाखवता चहा पीत बसणारा मित्र तर नकोच.

निकालाची चिरफाड

नापास झालेल्या पेपरइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही, पण तो पेपर बहुतेक जण पुन्हा उघडत नाहीत. चुकलेल्या प्रश्नांचे तीन गट करा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण चुकलं, वेळच पुरला नाही. पहिला गट मोठा असेल तर वाचन कमी पडलं. दुसरा मोठा असेल तर उजळणी कमी पडली, नवी पुस्तकं घेऊन काही होणार नाही. तिसरा मोठा असेल तर घरी घड्याळ लावून पेपर सोडवलेच गेले नाहीत.

चौथा गट अंदाजांचा. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात. चारही पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तर सरासरी हाती शून्य येतं. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर अंदाज फायद्याचा होतो. सराव परीक्षेत प्रत्येक अंदाजापुढे बारीक टिंब करत जा आणि नंतर त्यातले किती बरोबर आले ते मोजा. काहींचा अंदाज खरोखर चांगला असतो, काहींना तसं फक्त वाटत असतं.

हातात दुसरं काही ठेवा

साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड आपल्याकडच्या प्रत्येक व्याख्यानात येतात, आणि यायलाच हवेत. वडील जन्माआधी गेले, आईने मोहाची दारू विकून घर चालवलं, नवोदय विद्यालयात शिकले, २०१३ च्या तुकडीत आयएएस झाले, पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. व्याख्यानात झोपडी आणि दारू येते, टाळ्या पडतात. मधली पायरी घाईत निघून जाते: नागरी सेवेकडे वळले तेव्हा ते मुंबईत एमबीबीएस करत होते. तो निकाल लागला नसता तरी डॉक्टर होण्याची वाट हाताशी होती. आपल्या मुलांनी त्यांच्या गोष्टीतून घेण्यासारखी ही बाजू आहे. नुसती बीए करून पाच वर्षं परीक्षा देत राहण्यापेक्षा आयटीआयचा ट्रेड, डीएड, पॅरामेडिकल, टॅली, काहीतरी असं हातात ठेवा ज्यावर महिना निघेल. आधार असलेला माणूस परीक्षेला जास्त शांत डोक्याने बसतो.

दुसरं नाव भवरलाल जैन यांचं. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. सरकारी नोकरीची वाट सोडून १९६३ मध्ये घरच्या ७ हजार रुपयांच्या बचतीवर त्यांनी रॉकेलचा धंदा सुरू केला. केळीची पावडर करणारा जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली ती १९७८ मध्ये. पाइप आणि ठिबक, ज्यासाठी आज त्यांना ओळखतात, ते त्याच्याही नंतर. पहिली पंधरा वर्षं विक्री, एजन्सी, शेतकऱ्याशी ओळख, यात गेली. केळी पावडरीवरच अडून बसले असते तर गोष्ट तिथेच थांबली असती. शेतीच्या धंद्यातच राहायचं ही दिशा पक्की होती, माल बदलत गेला.

घरगुती उद्योग उभा करणाऱ्यांसाठी

केळी वेफर्स, ज्वारीचे बिबडे, पापड, शेव, तूरडाळ, काहीही असो. पहिल्या सहा महिन्यांचं ध्येय मशीन घेणं हे ठेवू नका. 'शंभर गिऱ्हाइकं, त्यातली चाळीस पुन्हा मागणारी' हे ठेवा. घरच्या चुलीवर, ओळखीच्या दुकानात, भुसावळ-जळगावच्या आठवडी बाजारात हे तपासता येतं. या काळात रोज तीन आकडे लिहा: किती माल केला, किती विकला, किती परत आला किंवा मऊ पडला. स्वतःची मजुरी खर्चात धरा. ती धरली नाही म्हणून नफा दिसतो असे बचत गट पुष्कळ आहेत.

त्यानंतर अन्न सुरक्षा नोंदणी, उद्यम नोंदणी, मग बँक. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान धरलेलं आहे, आणि जळगाव जिल्ह्यासाठी त्यात केळी हे ठरवलेलं उत्पादन आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के. मुदत आणि निकष बदलत राहतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा, एजंटामार्फत नको. आणि लक्षात ठेवा, हे अनुदान रोख हातात येत नाही. ते बँकेत अडकवून ठेवतात आणि ठरलेल्या काळानंतर कर्जात वळतं करतात. हप्ता तोपर्यंत तुमच्याच खिशातून जाणार. अनुदान धरून भांडवलाचा हिशोब मांडला की चौथ्या-पाचव्या महिन्यात कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत.

थांबायची तारीख

ती सुरुवातीलाच ठरवायची, बैठकीत सांगायची, वहीत लिहायची. किती प्रयत्न, किती वर्षं, किती पैसे, यापैकी जे आधी संपेल ते. मुदत वाढवायची असेल तर फक्त पुराव्यावर: मागच्या वेळेपेक्षा गुण नेमके किती वाढले, कटऑफपासून अंतर किती उरलं. अंतर निम्म्यावर आलं असेल तर एक वर्ष मागा. 'या वेळी पेपर अवघड होता' हा पुरावा होत नाही, तो सगळ्यांनाच अवघड होता.

मुदतीनंतर नुसतं रेटत राहणं म्हणजे कापसाची फरदड घेणं. डिसेंबरनंतर पाणी देऊन चार क्विंटल आणखी निघतात, जीव सोडवत नाही, पण गुलाबी बोंडअळीला पोसून पुढच्या वर्षीच्या पिकाचं नुकसान आपणच करून ठेवतो. तिशी ओलांडलेली, सातव्या प्रयत्नाला बसलेली मुलं पाहा; परीक्षेपेक्षा दुसरं काही सुरू करायचं धैर्य संपल्यामुळे ती तिथे असतात.

थांबलात तर पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं, हेही वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवा: कोणत्या दोन ठिकाणी अर्ज, कोणाला फोन, शेतातलं कोणतं काम हातात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी पूर्ण करणं हा चांगला पर्याय आहे, कामाबरोबर चालतो.

आणि झालं तर

निवड यादीत नाव आलं म्हणजे नेमणूक झाली असं नाही. मधे कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, कधी एखादं न्यायालयीन प्रकरण. महिने जातात. नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत चालू कामाचा राजीनामा देऊ नका, नव्या पगाराच्या भरवशावर गाडीचं कर्ज काढू नका. मूळ कागदपत्रांच्या प्रत्येकी पाच साक्षांकित प्रती आणि फोटो एका फाइलीत तयार ठेवा. बायोडाटे घेऊन पाहुणे यायला लागतील, त्यांना रुजू झाल्यावर या म्हणा. चौकात अभिनंदनाचे फलक लागतील, तेही लागू द्या. त्यांचं बिल मात्र तुमच्या वडिलांकडे येत नाही ना, एवढं फ्लेक्सवाल्याला विचारून घ्या.